कॉलेजच्या तक्रारी: आधी सही कोणाची चालते ते बघ

खारघरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात एमएमएसच्या (मुंबई विद्यापीठाच्या एमबीएसारख्या पदवीच्या) दुसऱ्या सेमिस्टरला असलेल्या मुलीचा प्रश्न थोडक्यात असा. टाइमटेबल रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर बदलतं. सकाळी डोंबिवलीहून निघून, ठाण्याला गाडी बदलून पोचावं तर लेक्चर नाही. फायनान्सचे व्हिजिटिंग सर महिनाभर आलेले नाहीत. 'ट्रेनिंग अँड प्लेसमेंट'चे म्हणून बारा हजार वेगळे मागितलेत. वर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, कारण हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली. ऑफिस दुपारी बाराच्या आत उघडं सापडत नाही. डायरेक्टर सर चांगले आहेत, ऐकून घेतात, पण होत काहीच नाही. तक्रार करावी तर इंटर्नलचे चाळीस मार्क त्यांच्याच हातात. सोडून देऊ की भांडू?

मी नवी मुंबईतल्या अशाच एका इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली. ज्युनियर क्लार्क म्हणून लागले, रजिस्ट्रार म्हणून निवृत्त झाले. शिकवलं कधीच नाही. तू ज्या खिडकीबाहेर उभी राहतेस तिच्या आतल्या बाजूला मी होते, एवढीच माझी पात्रता. मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

तू पाच तक्रारी लिहिल्यास. मला त्यात दोनच दिसतात: एक पैशाची आणि एक कागदाची. आणि दोन्ही तू अशा माणसाच्या कानावर घालते आहेस ज्याच्या हातात फारसं काही नाही.

डायरेक्टरच्या केबिनला एसी असतो, दारावर पितळी पाटी असते. आमच्याकडे पाच हजारांच्या वरच्या खर्चाला मात्र त्यांची सही चालत नसे. चेकवर दोन सह्या लागायच्या, दोन्ही ट्रस्टींच्या, आणि ट्रस्टचं ऑफिस आमच्या इमारतीत नव्हतंच. शिपाई बुधवारी फाइल घेऊन जायचा, पुढच्या बुधवारी आणायचा. एखादे ट्रस्टी गावाला गेले की तो बुधवार हुकला. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ट्रस्टी रोज कॉलेजात येऊन बसतात, काही ठिकाणी डायरेक्टर जुने आणि वजनदार असतात. तुझ्याकडे कसं आहे ते ऑफिसातल्या कुठल्याही शिपायाला विचार, तो एका वाक्यात सांगेल. 'सर ऐकून घेतात पण होत नाही' यावरून मला वाटतं की आमच्यासारखंच असावं.

आता पैशाचं. बाहेरून वाटतं की लाखांनी फी घेतात, मग पैसा जातो कुठे? फी जमा होते प्रवेशाच्या तीन-चार महिन्यांत. त्यातही शिष्यवृत्तीवाल्यांची फी सरकारकडून यायची असते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. राजर्षी शाहू महाराज योजनेत वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. २०२४-२५ पासून कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) आलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची, उत्पन्नाची तीच अट पाळून, पूर्ण ट्यूशन फी भरतं. (तू यात बसत असशील आणि तरी पूर्ण फी भरली असशील तर बाकीचं वाचायच्या आधी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तुझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघ. निम्मे अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून असतात.) योजना चांगल्याच आहेत, पण पैसे कॉलेजच्या खात्यात पडेपर्यंत पुढची बॅच आलेली असते. शिवाय त्याच ट्रस्टचं दुसरं एखादं कॉलेज ओस पडलेलं असतं आणि तिथले पगार इथल्या फीतून निघतात. मग फेब्रुवारीत कात्री कशाला लागते? पूर्णवेळ प्राध्यापकांचा पगार थांबवला तर बोंब होते. विजेचं बिल थांबवता येत नाही. व्हिजिटिंग फॅकल्टीचं बिल थांबवता येतं. तो माणूस आठवड्यातून एकदा येतो, भांडायला त्याला सवड नसते.

एक प्रसंग सांगते, आणि त्यात माझी बाजू काही शोभेची नाही.

नौपाड्यातले एक सीए आमच्याकडे शनिवारी कॉस्टिंग शिकवायला यायचे. स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून, ठाणे-बेलापूर रस्त्याचं ट्रॅफिक झेलत. मुलांना आवडायचे. त्यांचं अठरा लेक्चरांचं बिल ट्रस्टकडून तीनदा परत आलं. पहिल्यांदा मस्टरवर एका तारखेची सही नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा पॅनकार्डाची झेरॉक्स नव्हती म्हणून, जी टीडीएसच्या फाइलला आधीपासून लावलेली होती. तिसऱ्यांदा खर्चाचं हेड चुकलं म्हणून. पाचव्या महिन्यात सरांचा फोन आला, 'मॅडम, क्लायंटचं काम निघालंय, या शनिवारी जमणार नाही.' पुढच्या शनिवारीही जमलं नाही. मी समजले.

तीन आठवड्यांनी मुलांचा अर्ज आला. फुलस्केपवर, एकेचाळीस सह्या. 'सर अनियमित आहेत, विषय अर्धवट सोडला आहे, योग्य ती कारवाई व्हावी.' मी शिक्का मारला, इनवर्ड म्हणजे आवक नोंदीचा नंबर घातला, तारीख टाकली. सरांचं बिल त्याच टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये होतं. मुलं समोर उभी होती आणि मी काही बोलले नाही. अर्ज ट्रस्टकडे गेला आणि या वेळी उत्तर एका बुधवारात परत आलं: 'सदर प्राध्यापकांना यापुढे पाचारण करू नये.' तक्रारीवर कारवाई झाली, एक पैसा खर्च न होता. विषय उरलेल्या दिवसांत एका एचआरच्या मॅडमनी पीपीटीवरून उरकला.

म्हणून सांगते, 'सर येत नाहीत' असं लिहू नकोस. तो अर्ज वाचणाऱ्याला माणूस काढून टाकायची सोय होते. असं लिही: अमुक विषयाची ठरलेली लेक्चरं इतकी, आजपर्यंत झालेली इतकी, उरलेली इतकी, ती कोण घेणार आणि कोणत्या तारखांना, हे लेखी कळवावं. यात कुणावर आरोप नाही, पण उत्तर द्यायचं तर शिकवणारा माणूस आणायलाच लागतो आणि माणूस आणायचा तर बिल काढायला लागतं. अर्ज डायरेक्टरांच्या नावे, खाली 'प्रत: मा. सचिव' आणि ट्रस्टचं नाव. ही एक ओळ बुधवारची फाइल जाड करते. दुसरी प्रत स्वतःकडे, इनवर्डच्या शिक्क्यासकट. 'शिक्का नाहीये आत्ता' असं क्लार्क म्हणाला तर तोच अर्ज कॉलेजच्या मेलवर पाठव आणि स्पीड पोस्टानेही.

या अर्जासाठी आकडे लागतील, ते आजपासून जमव. एक साधी वही: तारीख, विषय, टाइमटेबलमधली वेळ, लेक्चर झालं की नाही, बदलाचा मेसेज किती वाजता आला. रात्री अकराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट वेगळे ठेव, ग्रुपवरून मेसेज डिलीट होतात. तीन आठवड्यांची वही टेबलावर ठेवली की पुढची चर्चा अर्ध्या वेळात संपते, हे मी आतल्या बाजूने पाहिलंय.

हीच वही हजेरीच्या भांडणातही कामाला येते. ७५ टक्क्यांची अट विद्यापीठाची आहे, त्यात कॉलेजला दोष देऊ नकोस. पण ७५ टक्के कशाचे, हे विचार. आमच्याकडे एका वर्षी एक्सेलमध्ये भाजक म्हणून ठरलेली लेक्चरं पडली होती, झालेली नव्हेत. साठ जणांच्या वर्गात त्रेपन्न डिफॉल्टर निघाले! मुलांनी आधी पालकांना आणलं, रडारड केली. शेवटी एका मुलाने शांतपणे विषयवार झालेली लेक्चरं आणि आपली हजेरी असे दोन रकाने मागितले, तेव्हा चूक सापडली. तूही तेच दोन रकाने माग. आजारपणाने बुडलेले दिवस असतील तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट आत्ता दे. परीक्षेच्या तोंडावर आणलेल्या सर्टिफिकेटकडे ऑफिसात कुणी गंभीरपणे बघत नाही. आणि लेक्चर चालू असताना लिटल वर्ल्ड मॉलच्या फूड कोर्टात बसून दिवस बुडवले असशील, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही.

आता ते बारा हजार. एमएमएस म्हणजे विद्यापीठाची पदवी, आणि विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. सगळे एफआरए म्हणतात. २०१५ च्या कायद्याने हे प्राधिकरण आलं. कॉलेजवार, वर्षवार मंजूर झालेली फी त्यांच्या वेबसाइटवर असते, त्यात ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी आली. तुझ्या कॉलेजचा आकडा काढ आणि तू भरलेल्या पावत्यांच्या बेरजेशी ताडून बघ. परीक्षा फी, डिपॉझिट वगैरे किरकोळ गोष्टी वेगळ्या असतात, त्यांवरून वाद घालू नकोस. पण मंजूर फीच्या वर सक्तीने काही घेता येत नाही.

इथे पावती नीट बघ. आमच्याकडे दोन पावतीपुस्तकं होती. पांढरं इन्स्टिट्यूटच्या नावाचं, पिवळं ट्रस्टच्या नावाचं. ट्रेनिंगचे पैसे पिवळ्यावर जायचे आणि हेड असायचं 'इतर'. तुझी पावती कुणाच्या नावाची आहे, की पावतीच नाही? काउंटरवर भांडायला जाऊ नकोस, पैसे भरण्याआधी मेलवर एकच प्रश्न विचार: ही रक्कम सक्तीची आहे की ऐच्छिक, आणि सक्तीची असेल तर एफआरएच्या कोणत्या आदेशानुसार? माझ्या अनुभवात या मेलला उत्तर येत नाही, पण त्या नावापुढची मागणी गुपचूप थांबते. बाहेरची एखादी कंपनी खरोखर अ‍ॅप्टिट्यूड, मुलाखतीची तयारी करून घेत असेल आणि तुला ती हवी असेल, तर ऐच्छिक म्हणून खुशाल घे. कार्यक्रम वाईटच असतो असं नाही. तुझा कोर्स पीजीडीएम (मॅनेजमेंटचा डिप्लोमा) असता तर उत्तर बदललं असतं. तिथे विद्यापीठ नसतं, मामला एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा असतो. नावात 'एमबीए' दिसलं तरी प्रवेशपत्रावर काय छापलंय ते बघायला सगळ्यांनाच सांगते.

मार्कांची भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. एकट्या मुलीने सगळ्यांसमोर प्राध्यापकाचा पाणउतारा केला आणि इंटर्नलला बावीस पडले, असं मी पाहिलंय. चाळीस-पन्नास जणांच्या सह्या असलेल्या, सभ्य भाषेतल्या अर्जावरून कुणाचे मार्क कापलेले मी पाहिले नाहीत. तेवढं करायला धाडसही लागतं आणि मेहनतही. तेव्हा एकटी जाऊ नकोस. सीआर (वर्गप्रतिनिधी) कचरत असेल तर सह्या गोलाकार घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही. जुनी युक्ती आहे, चालते. वर्गाच्या ग्रुपवर 'हे चोर आहेत' छापाचं काही लिहू नका. त्या ग्रुपमधलं सगळं ऑफिसात पोचतं. कोण पोचवतं ते सांगत नाही.

अर्जाला उत्तर नाही आलं तर पुढची पायरी तक्रार निवारण समितीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून हवा, आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तुझ्या कॉलेजात समिती कागदावर असेल, नोटीस बोर्डावर नसेल. तिच्या सदस्यांची नावं मेलवर मागणं हेच पहिलं काम. आमच्याकडे विद्यापीठाची एलआयसी (कॉलेज तपासायला येणारी स्थानिक चौकशी समिती) यायच्या आदल्या संध्याकाळी या समितीच्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्तं लिहिली जायची. अक्षर माझं असायचं, तेव्हा ठाऊक आहे. वर्षभराच्या सभांत एकही तक्रार नाही, असं लिहिताना पेन अडखळायचं नाही, कारण इनवर्डला खरोखर काही नसायचं. मुलं सगळं तोंडी सांगायची. तुमचा एक जरी अर्ज त्या रजिस्टरला असला तरी ती सभा लिहिणाऱ्याची झोप उडते.

प्राध्यापकांच्या संख्येबद्दलही शंका असेल तर कॉलेजच्या वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' (कॉलेजने सक्तीने जाहीर करायची माहिती) काढून बघ. एआयसीटीईचं प्रमाण मॅनेजमेंटला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. १२० जागा असतील तर दोन्ही वर्षांचे २४०, म्हणजे बारा जण. यादीतली बारा नावं वाच आणि त्यातले किती चेहरे तू पाहिलेस ते मोज. कुणाला विद्यापीठाची मान्यता आहे हे विद्यापीठाकडून माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. पण हे हत्यार दुसऱ्या फेरीसाठी ठेव. पहिल्याच अर्जात माहिती अधिकार दाखवला की ट्रस्ट वकिलाकडे जातो आणि तुझं लेक्चर राहतंच.

'सोडून देऊ का' याचं उत्तर तुझ्या परिस्थितीवर आहे. पैसे परत मिळतील या आशेने सोडणार असशील तर नको. यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख उलटून ३० दिवसांच्या वर गेले की परतावा शून्य, फक्त डिपॉझिट मिळतं. तू दुसऱ्या सेमिस्टरला आहेस, ती वेळ कधीच गेली. दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बदली मिळू शकते, पण तिथे जागा रिकामी हवी आणि दोन्ही कॉलेजांचे नाहरकत कागद हवेत. हे कागद मिळवण्यात एक उन्हाळा जातो. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेशी आधी बोल. तरीही सोडायचंच ठरलं तर दोन गोष्टी लक्षात ठेव. पुढच्या वर्षाची फी भर म्हणून ते अडवू शकत नाहीत. आणि मूळ मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र कॉलेजला ठेवून घेता येत नाही. तपासून परत द्यायचं असतं. (टीसी आणि मायग्रेशन विद्यापीठाच्या एलिजिबिलिटीसाठी खरंच जमा होतात, त्यावरून भांडू नकोस.) मला विचारशील तर तुझ्या पाच तक्रारींपैकी एकही वर्ष वाया घालवण्याइतकी मोठी नाही. विषयच शिकवले जात नसते, किंवा कॉलेजची संलग्नताच धोक्यात असती, तर वेगळं बोलले असते.

अर्ज कधी द्यायचा, यालाही मुहूर्त आहे. सीईटीचा निकाल लागून कॅपचे राउंड सुरू झाले की ट्रस्टचे कान एकदम तिखट होतात, कारण बाहेर चौकशीला आलेले पालक तुमच्याच वर्गातल्या मुलांना गाठून विचारतात. पण तोवर थांबलीस तर हे सेमिस्टर संपेल. लेक्चरांचा अर्ज आत्ता दे. पैशाचा मेल त्याच आठवड्यात, पण वेगळा. एका कागदावर दोन विषय आले की सोप्याचं उत्तर येतं आणि अवघडाचं राहून जातं.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. दुसऱ्या सेमिस्टरनंतर तुझी समर इंटर्नशिप आहे. प्लेसमेंट सेलच्या भरवशावर बसू नकोस. खारघरला बसून तुझ्या एका बाजूला न्हावा-शेवा बंदर आणि त्यावर जगणाऱ्या लॉजिस्टिक्सच्या कंपन्या आहेत, दुसऱ्या बाजूला तुर्भ्याचं एपीएमसी, महापे, ऐरोली. फायनान्स घ्यायचं असेल तर ठाण्यातल्या एखाद्या सीए फर्ममध्येही दोन महिने काढता येतात. कॉलेजच्या लेटरहेडवरचं इंटर्नशिपचं पत्र मात्र आधीच काढून ठेव. कंपनीचं नाव कोरं, बाकी सगळं छापलेलं, अशा पाच प्रती एकदम सही करून घे. मे महिन्यात सही करणारे सर महाबळेश्वरला असतात.

ऑफिस बाराला उघडतं याचं कारण साधं असावं: कॅश सांभाळणारा माणूस सकाळी बँकेत किंवा ट्रस्टच्या ऑफिसात असतो आणि चावी त्याच्याकडे. एकला जेवणाची सुट्टी होते. तीन ते चारच्या मध्ये जा. चहा झालेला असतो, रांग नसते, आणि शिक्का टेबलावरच असतो.